औषध म्हणून खाल्लेली भाजी

१४ नोव्हेंबर

बियाण्यांच्या दुकानदारानं जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कोरी राहिली, यात दुकानदाराचा दोष नाही. तालुक्याचा वार्ताहर दिवसभर इतरांबद्दल लिहितो. घरी आल्यावर स्वतःबद्दल लिहावं असं त्याच्याकडे फारसं काही उरत नाही. पण आज जे ऐकलं ते बातमीत मावणार नाही. उरलेलं इथे.

उन्हाळ्यात एका वैद्यकीय महाविद्यालयाची मंडळी रिसोडात रक्ताचे नमुने घेऊन गेली होती. ज्या घरातले पुरुष पन्नाशी न पाहता गेले अशी घरं त्यांना हवी होती. मी त्यांना जानरावचं घर दाखवलं. जानराव माझा शाळेपासूनचा मित्र. गावाला लागून त्याचा भाजीचा मळा. अकरा वर्षांपूर्वी मेथीच्या वाफ्यात बसला तो उठलाच नाही. त्याचा बापही असाच, आणखी तरुणपणी.

आज डॉक्टर ज्योत्स्ना अहवाल घेऊन मळ्यावर आल्या. पेरूच्या झाडाखाली खाटा टाकल्या. जानरावची बायको हौसाबाई वहिनी, थोरला दिनेश, धाकटा सतीश, दिनेशची बायको अंजू, आणि त्यांची वैभवी, जी चौथीत आहे आणि घरात सर्वांत जास्त प्रश्न विचारते.

डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर एक वायू तयार करतं, नायट्रिक ऑक्साइड. क्षणभर जगतो, पण तेवढ्यात वाहिनीला सांगतो की सैल हो, रक्त जाऊ दे. हा वायू कसा बनवायचा याची कृती आपल्या जनुकांत लिहिलेली असते. या घराच्या कृतीत जरासा फरक आहे. दोन्ही भावांत सापडला. वायू कमी बनतो, वाहिन्या आखडून राहतात, रक्तदाब चढतो.

"म्हंजे डॉक्टरीनबाई, आमच्या नळ्या चोंदल्या?" दिनेश म्हणाला. "ठिबकच्या नळीत क्षार बसते तसं?"

"चोंदणं पुढची गोष्ट. तुमच्या नळ्या आधी सैलच होत नाहीत. पण घाबरू नका. असा फरक लाखो लोकांत असतो, त्यातले कितीतरी जण म्हातारे होतात. ही शिक्षा नाही, नुसता कल आहे. कल सांभाळायचा. मीठ कमी, तंबाखू बंद, आणि गोळी रोज. दोघांनीही."

मग त्या म्हणाल्या, पालेभाज्या आणि बीट भरपूर खा. त्यातल्या नायट्रेटपासूनही शरीर हाच वायू बनवतं, आणि ते काम सुरू करतात जिभेच्या मागच्या भागावरचे जंतू. सरस्वती जिभेवर बसते असं आम्हाला पाठशाळेत सांगितलं होतं. मागच्या बाकावर कोण बसतं हे आज कळलं.

 भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. वहिनी पदर सारखा करत म्हणाल्या, "आमच्या घरी पालेभाजी चालत नाई, बाई."

डॉक्टरांनी सभोवार पाहिलं. एका बाजूला पालक, दुसऱ्या बाजूला मेथी, चुका, बांधापर्यंत कोथिंबीर.

"मग हे कोण खातं?"

"गाव खाते," वैभवी म्हणाली.


१५ नोव्हेंबर

बातमी लिहिली. मनासारखी जमली. आयुर्वेदात पाच वायू सांगितलेत. त्यातला व्यान हृदयात राहतो आणि साऱ्या देहात रस-रक्त फिरवतो. शास्त्री परीक्षेसाठी हे घोकलं तेव्हा त्याचा कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. बातमीच्या सुरुवातीलाच व्यान टाकला. मग जनुक, मग पालेभाज्या. डॉक्टरांनी दोनदा बजावलेलं वाक्य, भाजी गोळीच्या जोडीला घ्यायची, गोळीच्या जागी नाही, हे शेवटी टाकलं. शेवट ठसका देणारा असावा.

शालिनीला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती.

"गोळीचं वर घ्या ना."

"बातमीला एक घाट असतो."

"असंन. पन पेपरवाले खालून कापतात असं तुमीच सांगता." मग म्हणाली, "अन् घरात तरी साधं बोलत जा. पंचवीस वर्सं झाली, मी आकाशवाणीसंग संसार करून राह्यली."


१७ नोव्हेंबर

छापून आली. मथळा, 'पालक खा, हृदय जपा'. माझा नाही, माझा 'व्यानाचे विज्ञान' होता. शेवटचा परिच्छेद जागेअभावी गेला, त्याच्या जागी बोअरवेलची जाहिरात. व्यानाचा परिच्छेद मात्र अक्षर न अक्षर राहिला. उपसंपादकाला काही वाचनाची आवड असावी.


२२ नोव्हेंबर

दिनेश पेपरची घडी खिशात घालून घरी आला. स्कूटरवर भाजीची रिकामी टोपली.

"शास्त्रीकाका, बाबाचं व्रत सोडवता येते का?"

गोष्ट अशी. बापाचे पिंड द्यायला दिनेश गयेला गेला होता. तिथे एक भाजी आणि एक फळ जन्मभर सोडायची रीत आहे. शहाणे लोक कारलं सोडतात. आमच्या गल्लीतल्या एकानं तर किवी सोडलं, जे त्यानं कधी पाहिलेलंही नाही. दिनेशला गयावळानं, तिथल्या तीर्थोपाध्यायानं, विचारलं, सर्वांत प्रिय काय? यानं खरं सांगितलं. पालेभाजी. आणि सगळी पालेभाजी सोडून आला. फळांत पेरू सोडला, तोही दारातला.

सतीश गयेला गेला नव्हता, त्यानं काही सोडलेलं नाही. पण थोरला जे खात नाही ते वहिनी शिजवत नाहीत. म्हणून रिसोडला हिरवं खाऊ घालणारं घर अकरा वर्षं डाळ-वांग्यावर आहे.

"सोडवायचं कशाला? गुपचूप खा," मी म्हटलं.

तो हसला नाही. "बाबाले सांगतलं हाये मी. पानी हातात घेऊन सांगतलं. वैभवीसाठी जगा लागते, हे बी खरं. दोनी कसं जमवाचं ते तुमी सांगा. तुमी शिकले हा."

असा प्रामाणिक माणूस भाजीबाजारात कसा टिकला कोण जाणे.


२४ नोव्हेंबर

सापडलं. जुनं धर्मशास्त्र पुष्कळ उदार आहे. आपणच त्याला उगीच खडूस समजतो. काही गोष्टींनी व्रत मोडत नाही. पाणी, दूध असल्या त्या गोष्टी, आणि त्यांत औषध. औषध म्हणून जे घेतलं त्यानं व्रताला बाध येत नाही.

म्हणजे पालक भाजी म्हणून वर्ज्य. औषध म्हणून मोकळा. डॉक्टरीनबाईंचं सांगणंही पाठीशी आहेच. दोन शास्त्रांची अशी सोयरीक जुळवून आणण्याचं भाग्य तालुका वार्ताहराला रोज मिळत नाही.

शालिनी म्हणाली, "डॉक्टरले एकदा फोन करा."

म्हटलं, यात डॉक्टरांचा काय संबंध? हा धर्माचा प्रश्न आहे.


२८ नोव्हेंबर

मळ्यावर छोटासा विधी केला. पहिली टोपली गाईला. दुसरी शाळेच्या खिचडीसाठी. मग दिनेशनं हातावर पाणी घेतलं, आणि मी संकल्प सांगितला. 'औषधार्थे' या शब्दावर जरा थांबलो, कारण सगळा भार त्याच्यावर होता. वहिनींच्या डोळ्यांत पाणी. जानराव असता तर म्हणाला असता, लेका, दक्षिणेत मेथीची जुडी नेजो.

दिनेशनं मात्र पोलीस पाटलासारखी उलटतपासणी घेतली.

"औषध म्हून खाल्ली तंच व्रत टिकते ना, काका?"

"तरच."

"चवीसाठी खाल्ली तं?"

"मोडेल."

"भूक लागली म्हून?"

"तरी मोडेल. औषध म्हणजे औषध. वेळेवर, नेमानं."

मग म्हणाला, "अन् मंग गोळी काय झाली? ते बी औषधच ना?"

म्हटलं, "अरे, एका रोगाला औषध एकच असतं. बाकी सगळं पथ्य."

सगळे हसले. सतीशनं तर टाळी दिली. वाक्य बरं जमलं, म्हणून लिहून ठेवतो. कधीतरी लेखात वापरता येईल.


९ डिसेंबर

मळ्यावर जेवायला गेलो. अंजूच्या हातची चुक्याची भाजी अकरा वर्षांनी त्या घरात शिजली. वैभवीनं चाटून वाटी चकचकीत केली. सतीशनं तिसऱ्यांदा घेतली.

दिनेशची वाटी वेगळी. नुसता उकडलेला पालक. मीठ नाही, तेल नाही, लसूण नाही. नाक न दाबता, पण दाबल्यासारखं तोंड करून त्यानं संपवला.

"अरे, फोडणी तरी दे."

"फोडनी देल्ली तं चव येते," तो म्हणाला. "चव आली तं मंग ते औषध कायचं?"

सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक. घड्याळ पाहून. बीटही कच्चंच चावतो. अशी निष्ठा पाठशाळेत असती तर मी आज वार्ताहर नसतो.

स्वयंपाकघराच्या खिडकीत त्याच्या गोळ्यांची पट्टी खोचलेली दिसली. पट्टी आणि गज यांच्यामध्ये कोळ्यानं जाळं विणलेलं. अंजूला चेष्टेत म्हटलं, सूनबाई, पत्रकाराच्या नजरेतून काही सुटत नाही, खिडकी झाडत जा. तिनं खिडकीकडे पाहिलं, मग दिनेशकडे.

तरुण पोरींना हल्ली थट्टा सोसत नाही.


१६ डिसेंबर

बाजारात अंजू भेटली. टोपली डोक्यावर. "काका, एक इचाराचं होतं तुमाले." तेवढ्यात कार्यालयातून फोन, सोयाबीनच्या खरेदी केंद्रावर गोंधळ झालाय, चार वाजेपर्यंत मजकूर पाठवा. तिला म्हटलं, येतो मळ्यावर निवांत.

गोंधळ फार मोठा नव्हता.


३० डिसेंबर

अखेर मळ्यावर गेलो. दिनेश बांधावर डोकं धरून बसला होता. सकाळपासून मागून ठणकतंय म्हणाला, अधूनमधून डोळ्यांपुढे पांढरं येतं.

म्हटलं, "चाळिशी जवळ आली, चष्मा लागला असेल. डोळे तपास."

"तपासतो. संक्रांत जाऊ द्या, बजार लई हाये."

"रक्तदाब पाहिलास का?"

"फेब्रुवारीत डॉक्टरीनबाई येनार हायेत ना. तवा पाहू. पालक चालू हाये, एक वेळ चुकली नाई." मग हसून म्हणाला, "बाबा सपनात आला होता. काई बोलला नाई. पन रागानं नाई पाह्यलं."

अंजू विहिरीजवळ भांडी घासत होती. मी निघालो तेव्हा उठून उभी राहिली, हात राखेचे. "काका," म्हणाली. दिनेशनं तिच्याकडे पाहिलं. "काई नाई," म्हणाली, "सांभाळून जा, रस्ता फोडून ठेवला हाये."


७ जानेवारी

दिनेश गेला.

पहाटे बाजारासाठी पालकाच्या जुड्या बांधत होता. बांधता बांधता कलला. सतीशनं जीपमध्ये घातलं. वाशिमला पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. दाब फार चढला असणार. गोळी चालू होती का, असं त्यांनी सतीशला विचारलं. सतीश म्हणाला, घरी पट्टी तं होती.

मीही मागोमाग तिथे पोचलो होतो. मला तो प्रश्न ऐकू आला. मी काही बोललो नाही, कारण मला वाटलं उत्तर दिलं गेलं आहे.


१० जानेवारी

राख सावडून झाली. मळ्यावर माणसं येतात, बसतात, आणि एकच बोलतात. गयेचं व्रत मोडलं, म्हणून बापानं लेक नेला. कुणी माझ्यासमोर बोलत नाही, मी गेलो की थांबतात. गप्प बसलेल्या माणसांच्या गर्दीतून चालणं हा माझ्या धंद्यातला नित्याचा अनुभव आहे, पण आज प्रत्येक पाऊल मोजून टाकल्यासारखं पडत होतं.

वहिनी माझ्याकडे पाहत नाहीत.

सतीश दाढी न करता बसलाय. म्हणाला, "मी तेरवी झाली का गयेले जातो. दादाच्या नावानं सोडतो. त्याचं अर्धं राह्यलेलं मी पुरं करतो."

"आणि तुझी गोळी?"

"कायले? दादाची बी होतीच ना पट्टी. ना भाजीनं वाचला, ना गोळीनं. आमच्या घरचे जातेतच, काका. आता माझी पाळी."

 शास्त्रात बरंच काही आहे, पण ते आता काढवेना.


१३ जानेवारी

आज अंजूच घरी आली, वैभवीला घेऊन. शालिनीनं वैभवीला आत नेलं, तिळाचे लाडू वळायला बसवलं. अंजू ओटीवर खाली बसली. खुर्ची दिली तर नको म्हणाली.

"काका, ते गोळी खात नव्हते."

"कधीपासून?"

"तुमी पानी सोडलं त्या दिसापासून."

मी म्हटलं, असं कसं, पट्टी तर खिडकीत होती.

"पट्टी होती. मी म्हनलं, गोळी घ्या ना, डॉक्टरीनबाईनं सांगतलं हाये. तं म्हने, अंजू, तुले समजत नाई. काकानं सांगतलं, औषध एकच राह्यते. गोळी जर औषध झाली, तं पालक भाजी होते. पालक भाजी झाली, तं बाबाचं व्रत मोडते. म्हून गोळी नाई घेत." ती पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती. "मी दोनदा तुमाले सांगाले पाह्यलं. एकदा तुमाले टाइम नव्हता, एकदा ते समोर होते."

"त्याला तू सांगायचंस की मी थट्टा…"

"तुमी थट्टा करून राह्यले होते, हे त्यायले काहून समजंन, काका? तुमी संस्कृत बोलले त्या दिशी."

आत वैभवी शालिनीला विचारत होती, लाडवात गूळ काहून टाकतात, साखर काहून नाही.

अंजू उठली. दारात थांबून म्हणाली, "मी कोनाले नाई सांगतलं. लोकं व्रत मोडलं म्हनतात. सासूबाई रोज रातीच्या बाबाच्या फोटोले माफी मागतात, का माह्या लेकानं मोडलं. मले आयकवत नाई."


१४ जानेवारी

संक्रांत. आमच्या घरी काही केलं नाही.

अठ्ठावीस नोव्हेंबरचं पान काढून वाचलं. 'वाक्य बरं जमलं, म्हणून लिहून ठेवतो.' हे अक्षर माझंच आहे, वळणदार आहे. नऊ डिसेंबरचं पानही वाचलं. पुढची वाचली नाहीत.

शालिनीनं सगळं आतून ऐकलं होतं. मी काही सांगायच्या आधीच म्हणाली, "लोकायले पाच प्रश्न इचाराचे पैसे भेटतात तुमाले. त्या पोराले एक इचारला असता."

मग माझ्या ताटात भात वाढला. आणखी काही बोलली असती तर बरं झालं असतं.


१६ जानेवारी

डॉक्टर ज्योत्स्नांना फोन केला. सगळं सांगितलं, गाळलं काही नाही. 

मग म्हणाल्या, "भाजीनं त्याचं वाईट झालं नाही. पण एवढ्या दाबापुढे भाजी किती करणार? त्या जनुकानंही नेलं नाही त्याला. नुसत्या जनुकानं कुणी असं जात नाही." आणि म्हणाल्या, "धाकट्याचं बघा. त्याच्यात तोच फरक आहे, दाब चढायला लागलाय. त्याची गोळी सुटता कामा नये. त्या मुलीचंही तपासून घ्या, मोठी होईल तेव्हा."

"तो गोळी सोडणार म्हणतोय."

"तुम्ही सांगा. तुमचं ऐकतात ना ते?"

यातला उपरोध त्यांच्या मनात नव्हता. म्हणून जास्त लागला.

मी गप्प राहिलो तर गाव म्हणेल, व्रत मोडलं म्हणून गेला. सतीश गयेला जाईल, भाजी सोडेल, गोळीही सोडेल, आणि आपल्या पाळीची वाट पाहत बसेल. बोललो तर मला त्या घरी पुन्हा जाता येणार नाही. जानरावच्या घरी मी चाळीस वर्षं जातोय.

अंजू सांगून गेल्यापासून हे दोन्ही पारड्यांत घालून पाहायला मला तीन दिवस लागले, हेही लिहून ठेवतो.


१९ जानेवारी

तेरवी.

पंगती उठल्या. सोयरे पेरूच्या झाडाखाली बसले होते. वहिनी मधे, सतीश त्यांच्या बाजूला, मुंडण केलेला. पालकाचे वाफे कुणी कापले नव्हते. पानं मोठी होऊन लोळत होती.

वहिनी आज पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

"भावजी, तुमाले एक इचारते. बापासाठी लेक सोडते. लेकासाठी मायनं काय सोडाचं? तुमच्या पोथीत हाये का कुठी?"

"नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "वहिनी, दिनेशनं व्रत मोडलं नाही."

सगळे वळले.

मी सांगितलं. पाणी सोडल्याचं, माझ्या त्या वाक्याचं, सगळे हसल्याचं. गोळी घेतली तर पालकाचं औषधपण जाईल, म्हणून त्यानं गोळी सोडली. मीठ न घालता खात राहिला तो याचसाठी. दाब वाढत गेला. डोकं धरून बसला होता तेव्हा मी त्याला चष्मा करायला सांगितला. मी पुष्कळ वर्षं माणसांसमोर बोलतोय. असं तुटक कधी बोललो नव्हतो.

कुणीतरी मागून म्हणालं, "अरे बाप्पा." 

अंजू दारात उभी होती. तिनं तोंडावर पदर घेतला.

वहिनी जमिनीकडे पाहत होत्या. मग जानरावच्या फोटोकडे पाहिलं, तो आत भिंतीवर होता, दारातून दिसत होता. "आयकलं का," त्या हलकेच म्हणाल्या. माझ्याशी नाही. "नाई मोडलं त्यानं. पाळता पाळताच गेला."

चेहरा उजळला म्हणणं खोटं होईल. पण गेल्या बारा दिवसांत तिथे जे होतं त्यातलं एक ओझं उतरलं, ते मी पाहिलं. आणि जे उतरलं ते कुठे आलं, तेही मला कळलं.

सतीश उठून माझ्यासमोर आला. मारतो की काय असं वाटलं. मारलं असतं तर मी हललो नसतो.

"मंग मले काय?" तो म्हणाला. "मले कोनतं औषध? भाजी का गोळी? का दोनी नाई? सांगा आता. पानी आनू का हातात घ्याले?"

"नको. पाणी नको." मग जे तोंडातून आलं ते माझं मलाच नवीन होतं. "सतीश, भाजी भाजी हाये. तू काई सोडलं नाईस, मीठ-तेल घालून खाय. अन् गोळी घेजो. रोज घेजो. कोनी काई बी म्हनो, मी जरी म्हनलं तरी, सोडू नको."

वैभवी आजीला म्हणाली, "शास्त्रीआजोबा आपल्यासारखे बोलले."

कुणी हसलं नाही.

सतीशनं आईकडे पाहिलं. वहिनी आत गेल्या. आल्या तेव्हा एका हातात तांब्या, एका हातात गोळ्यांची पट्टी होती, सतीशची. एक गोळी काढून त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवली.

"घे. डॉक्टरीनबाईनं सांगतलं म्हून घे."

त्यानं ती उभ्या उभ्या गिळली. तांब्या पुरा प्यायला.

मग वहिनी माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. पंगतीत आणखी भात हवा का, असं विचारतात तसा होता.

"मले सापडलं, भावजी, मायनं काय सोडाचं ते. मी तुमचं आयकनं सोडलं."

मी चप्पल घातली.


२५ जानेवारी

नवी बातमी पाठवली. एकच वाक्य: रक्तदाबाची गोळी सुरू असणाऱ्यांनी पालेभाजी जरूर खावी, पण तिच्यामुळे गोळी बंद करू नये. वर व्यान नाही, खाली कापायला काही नाही. उपसंपादकानं विचारलं, निमित्त काय? मी सांगितलं. सहाव्या पानावर छापली.


३ फेब्रुवारी

सकाळी मळ्यावरून गेलो. रस्ता तोच आहे, दुसरा नाही. थांबलो नाही.

मोठी झालेली पानं काढून टाकली होती, नवीन वाफे टाकले होते. सतीश बांधावर होता. मला पाहून त्यानं हात वर केला. नमस्कार नव्हता. हातात पट्टी होती, उन्हात चमकली. अर्ध्याहून जास्त खळगे फुटलेले.

वहिनी वाफ्यात जुड्या बांधत होत्या. सतीश काही म्हणाला, बहुधा मी जातोय असं. त्यांनी मान वर केली नाही. पदर कानावरून पुढे ओढला आणि पुढची जुडी घेतली.

वहिनींचं व्रत चालू आहे.